बायडाबाईची धुरी

मंगळवार पेठेत, शिवाजी पेठेत आणि रंकाळ्याच्या कडेनं जी तरणी माणसं आज गाड्या उडवत फिरतात, त्यातली निम्मी तरी बायडाबाईच्या धुरातून बाहेर पडलेली आहेत. हे ती स्वतःच सांगते, आणि ती सांगायला लागली की पुरावा मागायची कुणाची छाती होत नाही. चाळीस वर्षं बाई बाळंतिणीच्या घरी जाते आहे. बाळाला तेल लावायचं, पायावर घेऊन आंघोळ घालायची, बाळंतिणीचं अंग रगडायचं आणि शेवटी धुरी द्यायची. तेलपाणी काय, कुणीही करेल, असं तिचं म्हणणं. धुरीला मात्र हात लागतो.

आणि तिचा हात होता, यात खोटं काही नाही. निखारा शेणीचाच, म्हणजे गोवरीचाच पाहिजे. कोळशाचा निखारा आणलात तर ती धुपाटणं उचलून अंगणात ठेवून यायची आणि घरातल्या थोरल्या बाईकडं बघत बसायची, शेणी येईपर्यंत. इस्तू फुलून वर पांढरी राख धरली की आधी ओवा, मग बाळंतशेपा, मग वावडिंग, मग लसणाची सालं, आणि सगळ्यांत शेवटी चिमूटभर ऊद. त्यावर वेताची बुट्टी उपडी घालायची आणि बुट्टीवर बाळाची लंगोटी-झबली पसरायची. कपडे वाळतात, वास धरतात, आणि तोवर निखारा जरा निवतो. मग दोन्ही हातांवर बाळ आडवं धरून ते धुरातून असं फिरवायचं की बघणाऱ्या आजीच्या डोळ्यांत पाणी यावं. ते पाणी मायेचं की धुराचं, हे आजवर कुणी विचारलं नाही.

धुरीचे फायदे किती, हे घर बघून ठरायचं. जुन्या घरात ती सांगायची, वारं जातं, सर्दी जाते, दृष्ट उतरते. व्यापाऱ्याच्या घरी सांगायची, वास्तू शांत होते आणि गिऱ्हाईक वाढतं. इंजिनियरच्या घरात जायची वेळ आली तेव्हा तिनं मोबाइलवर आलेला एक व्हिडिओ दोनदा ऐकून घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून धुरीनं घरातली निगेटिव एनर्जी पळायला लागली. एका घरात सासू-सुनेचं पटत नव्हतं, तिथं तिनं धुरीनं तेही मिटतं म्हणून सांगितलं. ते मिटलं नाही, पण दोघी मिळून बायडाबाईला नावं ठेवायला लागल्या, म्हणजे मिटल्यासारखंच की.

खोकला तिला होता. पण कोल्हापुरात खोकला कुणाला नाही? रस्ते उकरून ठेवलेत, धूळ उडते, त्याला बाई काय करणार. घरी परतताना केएमटी बसच्या पायऱ्या चढताना ती दांडा धरून जरा थांबायची आणि मागच्या माणसाला सांगायची, वय झालं पावणं, दम खावा.

तर या बाईच्या स्वतःच्या घरात पाळणा हलायची वेळ आली.

घर कळंब्याच्या अलीकडं, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा राजवीर, मोटारसायकलींच्या शोरूममध्ये कामाला. स्वभावानं गोड आणि आईवेडा. सून अनुजा, लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स. दवाखाना विजयसिंह डॉक्टरांचा. त्यांचं नाव एवढं मोठं की गडहिंग्लजकडची माणसं पहाटे निघून त्यांच्या दारात नंबर लावतात. अनुजाची आई तिच्या लग्नाआधीच वारली होती, त्यामुळं पहिलं बाळंतपण माहेरी होणार नव्हतं, सासरीच होणार होतं. हे कळल्यावर बायडाबाईला आनंद झाला आणि त्या आनंदाची लगेच लाजही वाटली. कुणाची आई नसल्याचा आनंद मानायचा म्हणजे काय? पण झाला, त्याला ती तरी काय करणार. हजारभर दुसऱ्यांची पोरं धुरीवर धरली, आता एक आपलं धरायचं, एवढीच तिची इच्छा राहिली होती. देवाकडं तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं. जोतिबाला नवस बोलली तोही धुरीचाच.

सातव्या महिन्यात अनुजा गवारी मोडत बसली होती. मोडता मोडता खाली मान घालून म्हणाली, "आत्ती, एक सांगू? आपल्या बाळाला धुरी नको."

बायडाबाईला आधी वाटलं, पोरगी चेष्टा करते. पण अनुजाला चेष्टा जमत नसे. दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीबाहेर मोठा बोर्ड आहे, तिनं समजावलं, बाळाला धूर नको, काजळ नको, गुटी नको, आणि आयांना तो वाचून दाखवायचं काम माझंच आहे. दिवसभर दुसऱ्यांना सांगायचं आणि घरी तेच करायचं, हे बरं दिसतं का? पोरीचं बोलणं सरळ होतं. सरळ बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हीच तर पंचाईत. बायडाबाईनं फक्त विचारलं, कोण डॉक्टर म्हणे? आणि विजयसिंहांचं नाव ऐकल्यावर ती इतकी हसली की खोकल्याची उबळ येऊन तिला पडवीत जाऊन बसावं लागलं. त्या विजयसिंहांच्या लेकीला सत्तावीस वर्षांपूर्वी सव्वा महिना धुरी कुणी दिली होती? बायडाबाईनं. तेव्हा डॉक्टर नुकतेच शिकून आलेले, दारात उभं राहून टकामका बघायचे. तेव्हा कुठं गेला होता बोर्ड?

पण तेव्हाचं तेव्हा. श्रावणात अनुजाला मुलगी झाली. नाकाडोळ्यानं बापावर गेलेली, आवाजानं आजीवर. बायडाबाईला तेल लावू दिलं, आंघोळ घालू दिली. धुरीच्या जागी अनुजानं इस्त्री आणली. लंगोट वाळत नव्हते म्हणून ती एकेक लंगोट इस्त्री करून घडी घालायची, आणि बायडाबाई समोर बसून बघायची. आपल्या घरात लंगोटाला इस्त्री. नातीला जणू कचेरीत जायचं होतं. धुपाटणं कोनाड्यात पडून होतं. शेजारची शालूबाई रोज विचारायला यायची, काय ओ बायडाबाई, वास येत न्हाय तुमच्या घरातनं? तिला ते बरोब्बर कळत होतं आणि म्हणूनच ती विचारत होती. बायडाबाई सांगायची, आमच्यात एकवीस दिवसांनी सुरू करत्यात. असली रीत तिच्या सात पिढ्यांत नव्हती.

त्यात पोरगी रोज संध्याकाळी पाच वाजले की रडायला घ्यायची, ती आठपर्यंत. पोट घट्ट, मुठी आवळलेल्या, तोंड लालबुंद. अनुजा खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायची. पोटात वारं धरतं, तीन महिन्यांनी आपोआप थांबतं, असं तिला पुस्तकातून माहीत होतं. पुस्तकात रडण्याचा आवाज नसतो. बायडाबाई भिंतीला टेकून बसायची, हात शिवशिवायचे, आणि ती काही बोलायची नाही. न बोलणं हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच करावं लागत होतं, आणि ते तिला फार जड गेलं.

अशात एका सकाळी फोन आला. संयोगिताबाई, म्हणजे विजयसिंह डॉक्टरांची मिसेस. त्यांची लेक, तीच ती सत्तावीस वर्षांपूर्वीची, पुण्याहून बाळंतपणाला आली होती, मुलगा झाला होता. संयोगिताबाईंनी आवाज खाली आणून सांगितलं की हे नऊला दवाखान्यात जातात, तुम्ही साडेनऊला या, मागच्या दारानं, आणि ऊद जरा चांगल्यातला आणा.

बायडाबाईनं फोन ठेवला आणि बराच वेळ एकटीच हसत बसली. मग महाद्वार रोडला जाऊन काष्ठौषधीच्या दुकानातून डबाभर ऊद आणला, हुंगून, पारखून. पैसे खिडकीत ठेवताना दुकानदाराला म्हणाली, डॉक्टरांच्या घरी चाललाय. त्याला काय त्याचं, पण कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

डॉक्टरांचा बंगला ताराबाई पार्कात. मागच्या दारी शेणींची पिशवी आधीच आणून ठेवलेली. ज्या घरात पाणी गाळायचं यंत्र तीन ठिकाणी, हवा शुद्ध करायचं यंत्र दोन ठिकाणी, त्या घरात शेणी. हवेचं यंत्र संयोगिताबाईंनी धुरीच्या वेळी बंद करून ठेवलं, कारण धुरी सुरू झाली की ते लाल दिवा लावून बोंबलायचं. बायडाबाई सहा दिवस गेली. रोज बाळ धुरावर धरलं, रोज मनात एकच वाक्य घोटवत घरी आली. अनुजाला सांगायचं होतं, तुज्या डॉक्टराच्या घरात बघ जा. पण सांगण्याची घाई तिनं केली नाही. असं हत्यार हातात आलं की माणूस त्याला जरा धार लावत बसतो. नात एकवीस दिवसांची झाली की सांगू, म्हणजे शालूबाईला सांगितलेलंही खरं होईल, असं तिनं ठरवलं.

सातव्या दिवशी डॉक्टर मोबाइल विसरले म्हणून परत आले.

खोलीत धूर असा साठलेला की समोरचा माणूस ओळखू येऊ नये. बाळ बायडाबाईच्या हातांवर, लेक बाजेवर, संयोगिताबाई बाजेपाशी. दारात डॉक्टर. संयोगिताबाईंच्या तोंडून पहिलं निघालं ते असं की ही डास मारायला आली आहे. डॉक्टरांनी पुढं येऊन बाळ घेतलं, लेकीकडं दिलं, दोघांना दुसऱ्या खोलीत पाठवलं आणि खिडक्या उघडल्या. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बायडाबाईला सोपं गेलं असतं.

न ओरडणाऱ्या माणसावर तीच चढली. "बोर्ड तुमचा, घर बी तुमचंच," ती म्हणाली. "आता माझ्या सुनंला, तुमच्या अनुजाला, तुमीच सांगा सायेब. माझी नात तिकडं धुरीबिगर कोरडी पडली हाय."

आणि पुढचं बोलायच्या आत खोकला आला. हा नेहमीचा नव्हता. बसली, वाकली, तरी थांबेना, ओठ काळेनिळे पडायला लागले. डॉक्टरांनी तिला खिडकीपाशी ओढलं, पाठीला नळी लावली, श्वास घ्या म्हणाले, सोडा म्हणाले, पुन्हा घ्या म्हणाले. बराच वेळ ऐकत राहिले. लहान पोरांचा डॉक्टर, पण छाती ती छाती.

"विडी किती वर्षं ओढता मावशी?"

बायडाबाईला राग आला. विडी? तिच्या घरात कुणी तंबाखूला हात लावला नव्हता, नवऱ्यानंसुद्धा नाही, तो माळकरी होता. हे तिनं दम लागत लागत ऐकवलं. डॉक्टर नळी गळ्यात अडकवून तिच्यासमोर खालीच बसले आणि हळूहळू सांगायला लागले. विडी न ओढताही छाती अशी होते. चाळीस वर्षं, रोज तीन घरं, बंद खोली, शेणीचा धूर. तुम्ही सगळ्यांपेक्षा जास्त धुरी घेतली आहे, मावशी. बाळं सव्वा महिन्यात सुटतात, तुम्ही सुटला नाहीत. मग त्यांनी सहज विचारलं, घरात आणखी कुणाला दम्याचा त्रास आहे का?

तिनं सांगितलं की आता नाही, पण राजवीरला होता. लहानपणी फार होता. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत छाती घरघरायची, ओठ काळे व्हायचे. तालमीत घातला तर वस्तादानं चार दिवसांत परत पाठवला, हे पोर दम टिकवणार नाही म्हणून. नवऱ्याला त्याचं फार लागलं होतं. पोरगा पडवीत बसून तालमीला जाणाऱ्या पोरांकडं बघायचा.

"मग काय करायचा तुम्ही त्याला?"

"धुरी द्यायची की. ज्यादाची. सकाळ-संध्याकाळ."

डॉक्टर काही बोलले नाहीत. खिडकीबाहेर बघत बसले. आणि त्यांचं ते न बोलणं बायडाबाईला कळलं. चाळीस वर्षांत तिला कुणी इतकं वाईट काही सांगितलं नव्हतं, आणि या माणसानं तर तोंडही उघडलं नव्हतं.

निघताना डॉक्टर दारापर्यंत आले. बोर्ड लावणं सोपं आहे, घरात सांगणं अवघड, असं काहीसं म्हणाले. औषधाची चिठ्ठी दिली, ओढायचा पंप लिहून दिला, उद्या मोठ्या माणसांच्या डॉक्टरांकडं छातीचा फोटो काढायला जा म्हणाले. मग जरा घुटमळून म्हणाले की अनुजाला इथलं काही सांगू नका, ती दवाखान्यात आयांना समजावते, तिचा विश्वास उडायला नको. एवढा मोठा माणूस, पण विनवणी करताना अगदी चोरी सापडलेल्या पोरासारखा दिसत होता. बायडाबाईनं मान हलवली. सहा दिवस घोटवलेलं वाक्य ती त्या बंगल्यातच ठेवून आली.

केएमटीत तिला खिडकीची जागा मिळाली. वाटेत ती आठवत गेली, कुठल्या घरातलं कुठलं पोर नंतर खोकत होतं. काहीच धड आठवेना. सव्वा महिना झाला, साडीचोळी घेतली, घर सुटलं, नंतर कोण बघतो? काही पोरं मोठी होऊन रस्त्यात पाया पडायची, ती आठवली. जी पडायला आली नाहीत त्यांचं काय झालं, हा विचार तिनं आजवर कधी केला नव्हता. पण हे सगळे दुसऱ्यांचे लेक. राजवीरचं तसं नव्हतं. त्याचे ते ओठ आठवले, आणि आपण धुपाटण्यात आणखी चिमूट टाकून त्याचं तोंड खाली धरलेलं आठवलं. पोर मान वळवायचं. आपण ती परत धुराकडं फिरवायचो आणि म्हणायचो, घे बाळा, ओढ, बरं वाटंल. तोंडावर पदर घेऊन ती रडली. शेजारची बाई म्हणाली, धूळ लई हाय बघा.

घरी पोचली तर पोरीनं रडायला सुरुवात केली होती. त्या दिवशी पाचाची वाट न बघता दुपारीच. राजवीर जेवायला आलेला, अनुजा केस विस्कटून खोलीभर फिरत होती, तिच्याही डोळ्यांना धार लागलेली. बायडाबाईनं पाय धुतले, पदर झटकला आणि पोरीला मांडीवर घेतलं, पोटावर तळहात ठेवला.

अनुजा समोर बसली. पोरीची आवळलेली मूठ सोडवत म्हणाली, "आत्ती, द्या धुरी. डॉक्टरांना कळायचं काही कारण नाही."

जे वाक्य ऐकण्यासाठी बायडाबाईनं तीन महिने वाट पाहिली, जोतिबाला नवस केला, ते असं सुनेनं स्वतःहून, पाया पडल्यासारख्या आवाजात म्हटलं. आणि बायडाबाई म्हणाली, न्हाय.

अनुजाला वाटलं, सासू मान मागते आहे. तिनं पुन्हा विनवलं, चुकलं म्हणाली, मी उगीच शिकवायला गेले म्हणाली. दिवसभर आयांना बोर्ड वाचून दाखवणारी शहाणी पोर, एका लेकरापुढं हरली होती आणि हात जोडत होती. बायडाबाईनं सांगितलं, ऊद संपलाय. राजवीर हसला. आई, डबा तर गेल्याच आठवड्यात आणलास की, म्हणाला. तो डबा ताराबाई पार्कात राहिला, हे तिला सांगता येईना. मग काय झालं, मी आणतो, म्हणून त्यानं गाडीची किल्ली घेतलीसुद्धा.

"नगं आणूस," बायडाबाई म्हणाली. मग पोरीकडं बघत, त्याच्याकडं न बघता म्हणाली, "राजा, तुला लहानपणी दम लागायचा न्हवं, तो ह्या धुरीनं वाढायचा. मी वाढवत हुतो. मला कळत न्हवतं."

अनुजानं मान वर केली. तिला सगळं एका क्षणात कळलं, नर्सच ती. ती उठून सासूच्या जवळ जाऊन बसली, अगदी खांद्याला खांदा लावून.

राजवीर मात्र दारात उभा राहून मोठ्यानं हसत होता.

"कुणी डोक्यात घातलं हे? डॉक्टर लोकं काय बी सांगत्यात. अगं, रात-रात जागून तू मला धुरी द्यायचीस, ती काय मी इसरलो व्हय? तुज्या धुरीवरच तर जगलो मी."

त्यानं चिडावं, एकदा तरी आईला बोलावं, तालमीचं काढावं, काहीही म्हणावं, असं तिला फार वाटत होतं. तो चप्पल घालून पडवीच्या पायऱ्या उतरला. दोन दिवसाला पुरेल एवढा आणतो, म्हणून आतल्या बाजूला ओरडला, आणि गाडी सुरू करून ऊद आणायला गेला.